वीसपैकी वीस

कडुनिंब फुलला की माझा संशय जागा होतो. दुसऱ्या कुणाला या दिवसांत कैऱ्या आठवत असतील, आजोळ आठवत असेल. मला परीक्षेचे हॉल आठवतात. हैदराबादच्या आमच्या नल्लकुंट्याच्या गल्लीत, फ्लॅटच्या गॅलरीला टेकून एक कडुनिंब आहे. फाल्गुन संपत आला की त्याची बारीक पांढरी फुलं वाळत घातलेल्या कपड्यांवर, ह्यांच्या पेपरावर, चहाच्या कपात, सगळीकडं पडतात. तो कडवट-गोड वास आला की मी नकळत समोरच्याच्या हातांकडं बघायला लागते. मूठ उघडी आहे का मिटलेली. बाहीत काही आहे का. मग समोरचा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस का असेना.

एकतीस वर्षं मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि एकतीस उन्हाळे सुपरव्हिजन केलं. शिकवलेलं किती जणींच्या डोक्यात राहिलं देव जाणे, सुपरव्हिजन मात्र माझ्या अंगात मुरलं. कंपासपेटीच्या झाकणात, सॉक्समध्ये, वेणीच्या रिबिनीत, पाण्याच्या बाटलीच्या लेबलामागं, कॉपी कुठं कुठं असते ते मला झोपेतही सांगता येईल. एकीनं ओढणीच्या काठावर अख्खी केमिस्ट्री लिहून आणली होती, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. तिला मी पकडलं तेव्हा सगळ्या स्टाफसमोर माझं कौतुक झालं. खरं सांगते, त्या दिवसापासून मला पकडण्याची चटकच लागली. निवृत्त झाले तेव्हा शाळेनं माझ्याकडून कपाटाची किल्ली परत घेतली, लायब्ररीची पुस्तकं परत घेतली. ही नजर ठेवून जा, असं मात्र कुणी म्हणालं नाही. ती मी घरी घेऊन आले.

घरात तिचा काय उपयोग? भाजीवाल्याचा काटा शून्यावर आहे का ते वाकून बघायचं. फोनवर गोड आवाजात कुणी ‘मॅडम, आपका अकाउंट’ म्हणालं की त्याच्या सात पिढ्या विचारायच्या. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन हसून नमस्कार करायला लागला की आज ह्याला सुट्टी हवी आहे हे ओळखायचं. विश्वास पानिपतात गेला, हे माझं पालुपद. आमचे हे वीज खात्यातून निवृत्त झालेले, जन्म हैदराबादेत गेलेला. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘जाने दो जी.’ त्यांनी आयुष्यभर इतकं जाने दिलं आहे की घरात कुणीतरी अडवणारं हवंच होतं, असं मी मनाशी म्हणते.

आज सकाळी औषधं आणायला चिक्कडपल्लीला गेले होते. झेरॉक्सच्या दुकानापुढं पोरापोरींची ही गर्दी. एक मुलगी दुकानदाराला सांगत होती, अजून छोटं करा, अजून छोटं. पानावरची अक्षरं तिळाएवढी झाली होती. मी थांबलेच. कशाला गं एवढं छोटं, असं विचारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. हे तोंड मिटायला मला तीन वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यानं शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, अजून शिकतेच आहे.

त्या वर्षी आमच्या घरात परीक्षा होती ती माझ्या सुनेची, अश्विनीची. ती देगलूरकडची. वडिलांची शेती, दहावीपर्यंत मराठी शाळा, मग नांदेडला बीएस्सी, बीएड. माझ्या मुलाशी, अमेयशी लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. अमेय सकाळी गच्चीबोलीला ऑफिसात जायचा तो दिवेलागणीला परत, त्यामुळं दिवसभर घरात आम्ही तिघंच. जामबागेतल्या एका जुन्या शाळेत विज्ञानाच्या बाईंची जागा निघाली होती. मुलाखतीआधी इंग्रजीची लेखी परीक्षा, त्यात पन्नास प्रश्न एकाच पद्धतीचे. एक वाक्य, मधे गाळलेली जागा, खाली दिसायला जवळजवळ सारखे दोन शब्द. योग्य तो निवडा.

मला तर हर्षच झाला. गेली काही वर्षं कुणी मला काही शिकवा म्हणालं नव्हतं. मी सांगून टाकलं की रोज दुपारी तीन वाजता वीस प्रश्नांचा पेपर मी काढीन, वीस मिनिटांत सोडवायचा, मी तपासणार. कूलर जेवणाच्या टेबलाकडं वळवला. अमेयच्या ऑफिसातले पाठकोरे कागद घेतले. उत्तरांचा कागद वेगळा, तो माझ्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली. सूनच आहे, तिच्यासमोर कसली कुलपं, असं हे म्हणाले. मी म्हटलं, पद्धत ती पद्धत.

या जोड्या काढताना मी रंगून जायची. ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइज. अफेक्ट आणि इफेक्ट. क्वाइट आणि क्वाएट. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन श्रीनिवासराव आहेत, एक दुसऱ्या मजल्यावर, एक चौथ्या. एकाचं पार्सल दुसऱ्याकडं गेलं नाही असा महिना जात नाही. तसंच हे शब्दांचं. दोघंही सज्जन, दोघंही आपल्या जागी बरोबर, घोळ घालणारे आपण. आधी मला फसवा शब्द सुचायचा, पोर कुठं अडखळेल ते दिसायचं, आणि मी एकटीच हसायची.

पहिल्या दिवशी अश्विनीला वीसपैकी सात मिळाले. दुसऱ्या दिवशी नऊ. ती पेन्सिलीचं टोक चावायची, वाक्य ओठांत पुटपुटायची, खोडायची, पुन्हा लिहायची. चुका समजावून सांगितल्या की मान डोलवायची. आठवड्याच्या शेवटी तेराला पोचली. मला बरं वाटलं, हल्लूहल्लू जमतंय म्हटलं. आणि सोमवारी वीसपैकी वीस. मंगळवारी वीस. बुधवारी वीस. वेळही वीस मिनिटं नाही, पाच. पेन्सिल चावणं नाही, खोडणं नाही.

दुसऱ्या कुणा सासूनं पेढे वाटले असते. मी कपाट उघडून बघितलं. पैठणी जागेवर होती, उत्तरांचा कागदही. पण घडी जरा तिरकी वाटली. तेराचे वीस एका रविवारात कसे होतात? एकतीस वर्षांत असं झालेलं मी बघितलं होतं, आणि दर वेळी त्यामागं काय निघालं तेही बघितलं होतं.

मग मी माझ्या उद्योगाला लागले. कपाटाच्या दोन दारांमध्ये शिवणाचा दोरा अडकवून ठेवला. दोरा संध्याकाळी जसाच्या तसा, आणि मार्क वीस. उत्तरं देवघरातल्या पोथीत ठेवली, वीस. ह्यांच्या बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवली, वीस, आणि वर ह्यांनी गोळी घेताना तो कागद उघडून, हे कुठलं नवं औषध म्हणून विचारलं. शेवटी मी उत्तरं लिहायचंच सोडलं, डोक्यात ठेवली. तरी वीस! ह्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, परीक्षा तिची आहे का तुझी? मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

उत्तरं डोक्यात असूनही तिला सगळी येतात म्हणजे तिला खरंच येतात, एवढा साधा हिशेब माझ्या मनात का आला नाही? आला होता. पण संशयाचं असं असतं की त्याला एक दार बंद केलं की तो खिडकी शोधतो. मला वाटलं, मी ज्या जुन्या व्याकरणाच्या पुस्तकातून वाक्यं घेते, ते हिनं शोधून काढलं. आणखी एक गोष्ट होती. सकाळी कुकरच्या शिट्ट्या होत असताना ती स्वयंपाकघरात कुणाशी तरी बोलत असायची, हळू आवाजात. मी आत गेले की गप्प. माहेरी फोन लावून माझी गाऱ्हाणी सांगत असणार, दुसरं काय?

त्यातच पाडवा आला. आमच्याकडं गुढीही उभी राहते आणि तेलुगूंच्या उगादीची आंबटगोड-कडू पच्चडीही होते, इतक्या वर्षांच्या शेजारानं ते ठरूनच गेलं आहे. पच्चडीत कडुनिंबाची फुलं लागतात. आम्ही दोघी गॅलरीत बसून देठापासून फुलं वेगळी करत होतो. तेव्हा ती आपणहून बोलली, एरवी फारशी बोलत नसे. दोन शाळांनी तिला आधीच परत पाठवलं होतं. विज्ञान कुणी विचारलंच नाही, इंग्रजीवरच थांबवलं. मोठ्या भावाचं म्हणणं होतं की मुलीला बीएड कशाला. वडिलांनी त्याचं ऐकलं नाही, तिला नांदेडला ठेवलं. आता दर फोनला ते एकच विचारतात, लागलीस का गं शाळेत? ‘आई, मी आता बाबांचा फोन आला की बाथरूममध्ये आहे म्हणून सांगते,’ ती म्हणाली. ‘ही तिसरी शाळा. इथंबी नाही झालं तर मी कुठं अर्ज करणार नाही बघा.’

मला तिची माया आली. खरंच आली. फुलं पाखडता पाखडता मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि त्याच वेळी मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात कुणीतरी म्हणत होतं, एवढी गरज आहे म्हणजे माणूस काय वाटेल ते करील. ज्या हातानं माया केली त्याच बाईचं हे मन. याची मला आजही लाज वाटते.

चारच दिवसांनी ह्यांच्या सदऱ्याचं बटण तुटलं. सुईदोरा अश्विनीच्या स्टीलच्या गोल डब्यात असतो, ती घरी नव्हती, मी डबा उघडला. दोऱ्याच्या रिळांखाली चिठ्ठ्या. घडी घातलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या, डबाभर. एक उघडली. दोन शब्द, माझ्याच पेपरातली जोडी, तिच्या अक्षरात. दुसरी उघडली, तेच. तिसरी, तेच. अशा आकाराच्या, अशा घडीच्या चिठ्ठ्या मी आयुष्यात शेकड्यांनी जप्त केल्या आहेत. सापडलं याचा आनंद झाला नाही म्हणू नये, क्षणभर झाला. सदरा तसाच राहिला. डबा होता तसा ठेवला आणि कुणालाच काही बोलले नाही, ह्यांनाही नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

तेव्हाच तिला विचारायचं होतं. ‘अश्विनी, हे काय आहे?’ चार शब्द. पण सुपरव्हायझर विचारत नाही. तो पेपर सुरू होईपर्यंत थांबतो, रंगेहाथ पकडायला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पद्मा मॅडमचा फोन आला. जामबागेच्या त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. पूर्वी माझ्या हाताखाली होत्या, तेलुगू आणि हिंदी मिसळून माझ्याशी अजून अदबीनं बोलतात. अर्जावरचं आडनाव बघून त्यांनी विचारलं, तुमची सून ना? कशी आहे? सहज विचारलं होतं. छान आहे, एवढं म्हणून मला थांबता आलं असतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं.

मी म्हटलं, ‘मुलगी कष्टाळू आहे. पण पेपर लिहिताना तिच्यावर जरा नजर ठेवा.’

फोन ठेवला तेव्हा मला आपण फार मोठं काही केलं असं वाटलं. घरचं माणूस असूनही न्यायानं वागले. हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं नाही.

परीक्षा सकाळची होती. अश्विनी दहीसाखर खाऊन, आम्हा दोघांच्या पाया पडून गेली. जाताना सुईदोऱ्याचा डबा जागेवरच होता, मी बघून घेतलं होतं. दुपारी दीडला परतली. चप्पल काढून थेट बेसिनकडं गेली आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिली. पेपर कसा गेला, ह्यांनी विचारलं. सोपा होता, म्हणाली. मग पाण्याचा ग्लास हातात धरून, खाली बघत सांगितलं. सगळ्यांना मोठ्या वर्गात बसवलं होतं. तिचं नाव पुकारलं आणि तिला एकटीला शेजारच्या काचेच्या ऑफिसात नेलं. पर्स बाहेर ठेवायला लावली. ओढणी झटकून दाखवायला सांगितली. पूर्ण वेळ एक बाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसून होती. बाकीच्या उमेदवार काचेतून बघत होत्या.

ती म्हणाली, ‘मराठी मिडियमची म्हणून असेल.’

हे पहिल्यांदा तडकले. असलं कसलं शाळेचं वागणं, मी त्या बाईंना फोन करतो म्हणाले. मी म्हटलं, नक्को, निकाल लागू द्या. आणि ताटं घ्यायला उठले.

जेवणं झाल्यावर मला राहवलं नाही. बटणाचं निमित्त काढून डबा मागितला, तिच्यासमोर उघडला आणि चिठ्ठ्यांकडं बोट दाखवून, ह्या कशाच्या, असं अगदी सहज वाटेल अशा आवाजात विचारलं. ती गोरीमोरी झाली. मला वाटलं, आता कबूल करणार. तिनं कबूल केलं ते असं. पहिला आठवडा संपला त्या रविवारी ती माझे सगळे पेपर घेऊन चुका बघत बसली होती. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की मी दोन शब्द लिहिताना चुकीचा शब्द नेहमी आधी लिहिते आणि बरोबर शब्द नंतर. प्रत्येक पेपरात. एकही अपवाद नाही. एकदा हे कळल्यावर वाक्य वाचायची गरजच उरली नाही, डोळे मिटून दुसऱ्या शब्दावर खूण केली की झालं. पण त्यानं तिचा अभ्यास होईना. म्हणून तिनं सगळ्या जोड्यांच्या चिठ्ठ्या केल्या. स्वयंपाक करताना डब्यातून एक उचलायची, दोन्ही शब्दांची दोन वाक्यं तोंडी करायची, जमलं नाही तर चिठ्ठी परत डब्यात. कुकरच्या शिट्टीत जी कुजबूज मला ऐकू यायची ती ही.

मला का सांगितलं नाहीस, मी विचारलं. ती ओढणीशी चाळा करत म्हणाली, ‘तुमी इतक्या हौसेनं काढायला होतात. एवढी वर्षं शिकवलेल्या बाईला तुमची चूक हाय म्हणून कसं सांगू?’

ती आत गेल्यावर मी सगळे पेपर काढून बघितले. प्रत्येक जोडीत पहिला शब्द चुकीचा. मला स्वतःला पत्ता नव्हता. एवढ्या वर्षांत शाळेतल्या पेपरांतही मी हेच केलं असेल का? कुणी सांगावं. माणसाकडं बघतानाही माझं तसंच होतं, आधी चूक दिसते. बरोबर काय ते नंतर, वेळ उरला तर. आणि ती बिचारी रोज पाच मिनिटांत माझ्या पेपरावर खुणा करत होती, मला बरं वाटावं म्हणून. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथं तर चोर कुणी नव्हताच.

तरी मी तिला काही सांगितलं नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. सांगायची वेळ शोधते आहे असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे भीती वाटत होती. पद्मा मॅडम बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. मी गप्प बसले असते तर अश्विनीला जन्मात कळलं नसतं. तिनं शाळेलाच दोष दिला असता, मराठी मिडियमला दिला असता, आणि मी चांगली सासू म्हणून गेले असते.

चौथ्या दिवशी शाळेचा फोन आला. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. मधल्या दिवशी मुलाखतही झाली होती, त्यात विज्ञान उत्तम, जूनपासून रुजू व्हायचं. पद्मा मॅडमनी मला वेगळं सांगितलं की तुम्ही म्हणालात म्हणून एकटीला बसवलं, पण मॅडम, नजर ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. अश्विनी गॅलरीत उभी राहून वडिलांशी बोलत होती. बोलत कसली, नुसती हो बाबा, हो बाबा म्हणत रडत होती. हे पेढे आणायला निघाले. मला तिथं बसवेना.

तिचा फोन संपल्यावर मी गॅलरीत गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. दोरा, पोथी, गोळ्यांचा डबा, चिठ्ठ्या, आणि पद्मा मॅडमना बोललेलं ते वाक्य, शब्दाला शब्द. तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं, आणि ते उतरताना मला बघावं लागलं. मी म्हटलं, ‘अश्विनी, तुला तिथं मी बसवलं. शाळेनं नाही. मला माफ कर.’ सुनेची माफी मागायची आमच्यात रीत नाही. मला जमलंही नीट नसेल.

ती कितीतरी वेळ कठड्यावरची फुलं बोटानं एका बाजूला सारत राहिली. खाली ह्यांची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मग ती माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि तो तिनं लपवला नाही, याचं मला बरंच वाटलं.

‘तिथं एकटीला बसवलं ते चाललं आई,’ ती म्हणाली. ‘सासूच्या ओळखीनं लागली असं तरी आता कुणी म्हणणार नाही. पण या घरात मला एकटीला बसवू नका.’